रूबेनचं पाणी

"तिथं ऊन नाही, पाऊस नाही. रडू येत नाही नि हसूही येत नाही. आणि मुलांनो, तिथून देव दिसत नाही. कधीच नाही."

धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टरांचा आवाज असा खाली खाली जायचा, विहिरीत सोडलेल्या कळशीसारखा. डॉली तेव्हा आठ वर्षांची. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच जी बाळं जातात त्यांचं काय होतं, हे सिस्टर सांगत होत्या. त्यांच्यासाठी एक जागा असते, तिचं नाव लिंबो. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मग सिस्टर, ती बाळं तिथं करतात काय?"

"काही नाही. नुसती असतात."

ते ‘नुसती असतात’ डॉलीच्या कानात शिरलं ते पंचेचाळीस वर्षं निघालं नाही. वसईच्या केळीच्या बागा मागे राहिल्या, दोह्याची वाळू अंगवळणी पडली, नर्सच्या पांढऱ्या बुटांचे बारा-पंधरा जोड झिजले; ते दोन शब्द मात्र तसेच, नवेकोरे.

आज पहिली एप्रिल. शुक्रवार, उपवासकाळातला. इथं सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चमधल्या रविवारच्या मिस्सेला, त्या उपासनेलाही, गर्दी शुक्रवारीच. संध्याकाळी फुटबॉल वर्ल्ड कपची सोडत होती. कुठला देश कुठल्या गटात, ते साऱ्या जगाला आज दोह्यातून कळायचं होतं. निम्मे रस्ते बंद, चौकाचौकांत पोलीस. उद्यापासून रमजान. आणि डॉलीच्या लेकीची लेक, अकराशे ग्रॅमची, सोमवारी दोन महिने आधीच जन्मलेली, हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. काल रात्रीपासून तिच्या रक्तात जंतू होते.

"दोन दिवस. दोन दिवस गेले की सांगता येईल," डॉक्टर म्हणाले होते.

पेटीपाशी फक्त आईबापांना सोडत. पण डॉली त्याच हॉस्पिटलात बाहेरच्या ओपीडीत नर्स. बाळांच्या वॉर्डातली हजरा, तिची जुनी मैत्रीण, म्हणाली होती, चार वाजता ड्यूटी बदलते तेव्हा ये, पाच मिनिटं उभी राहा. चार वाजेपर्यंत काय करायचं? मिस्सा झाल्यावर डॉली सवयीनं चर्चच्या आवारातल्या मागच्या खोलीत जाऊन बसली, तिच्या वर्गात.

हा वर्ग उपवासकाळाच्या आधी सुरू झाला होता. ‘ख्रिस्ती धर्माचा इतिहास, प्रौढांसाठी.’ शिकवायला मुनीरा मॅडम, लेबननच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, डोळ्यांत काजळ नि हातात खडू. त्या इंग्रजीत बोलत, डॉली वहीत मराठीत उतरवून घेई. जन्मभर गुडघे टेकले, पण कशापुढे टेकले, कुणी आधी टेकले, का टेकले, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या शुक्रवारी मुनीरा मॅडम म्हणाल्या, "तुम्ही इथं पाहुणे आहात असं वाटतं ना? तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी या किनाऱ्याला बेथ कत्राये म्हणत. इथं मठ होते, बिशप होते. इथंच जन्मलेला एक साधू पाखरांसाठी रडायचा, सरपटणाऱ्या जिवांसाठी रडायचा, सैतानासाठीसुद्धा रडायचा." डॉलीनं लिहून घेतलं: सैतानासाठीसुद्धा. आणि खाली रेघ मारली.

तिसऱ्या शुक्रवारी तिनं धीर करून हात वर केला. "मॅडम, लिंबो?"

मुनीरा मॅडमनी खडू खाली ठेवला. मग सांगू लागल्या. सोळाशे वर्षांपूर्वी आफ्रिकेत एक मोठा बिशप होता. वादात हट्टाला पेटला आणि म्हणाला, बाप्तिस्मा नसलेली बाळंही नरकातच, फक्त तिथं त्यांना सर्वांत सौम्य शिक्षा. पुढच्या शतकांतल्या पंडितांना ते सोसेना. त्यांनी नरकाच्या काठाशी एक ओसरी काढून दिली, तिचं नाव लिंबो. मिस्सेत आपण श्रद्धेची जी कबुली एका सुरात म्हणतो, तीत हा शब्द नाही. कधी नव्हता. आणि पंधरा वर्षांपूर्वी रोममधल्या पंडितांनी लिहिलं, या बाळांसाठी आशा धरायला जागा आहे.

आशा धरायला जागा. डॉलीनं ते लिहिलं आणि तिचा हात कागदावरच राहिला. वाटलं, मोकळं होईल. झालं उलटंच. आधी राग आला, इतका की कान तापले. आणि रागामागून भीती आली, पहिलीपेक्षा मोठी. माणसांनी बांधलेली ओसरी माणसांनी मोडली. मग आत घर तरी आहे का?

कारण डॉलीचं एक बाळ त्या ओसरीवर होतं.

रूबेन. तिचा पहिला. एकतीस वर्षांपूर्वी, वसईच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये, अकरा तास जगलेला. घरात सगळे मानत की डॉलीनं ऐनवेळी आपल्या हातानं त्याला बाप्तिस्मा दिला. संकटात कुणीही देऊ शकतं. पाणी हवं आणि तीन नावं हवीत. घरच्या बोलीत त्याला ‘पाणी देणं’ म्हणत. सासूनं विचारलं होतं, पोराला पाणी दिलंस का? डॉली ‘हो’ म्हणाली होती. ते खरं नव्हतं. ते खरं नाही हे तिचं तिलाच उमगलं तोवर पांढरी पेटी देवळामागच्या मातीत गेली होती, चर्चच्या वहीत नाव चढलं होतं, आणि सासू, कातरीनबाई, मांडवाखाली बायकांना सांगत होती, "माझ्या सुनेनं पोराला देवाच्या पदरात घातलं गो."

तेव्हापासून रूबेन घरचा संत झाला. बाप्तिस्मा झालेलं निष्पाप बाळ सरळ स्वर्गात, मग त्याच्यासाठी प्रार्थना कशाला? त्याच्याकडेच करायची. डॉलीच्या नवऱ्याला, विन्सेंटला, गल्फची नोकरी लागली, रूबेननं लावली. धाकट्या लेकाचा, डीनचा, टायफॉइड उतरला, रूबेननं उतरवला. कातरीनबाई जात्यावर दळत वाढलेली बाई, तिच्या तोंडून ओळी सहज पडत:

पाळणा रिकामा गं, दोरी हाताला लागते
माझ्या रूबेनाच्या पायी वाट देवाची जागते

घर ‘आमेन’ म्हणे. डॉलीही म्हणे. आणि दर वेळी तिला वाटे, हे सगळं कुणाला चाललंय? जो तिथं नाहीच त्याला? कन्फेशनच्या जाळीपाशीसुद्धा ती बाकीची पापं सांगून उठायची.

*

अबू हमूर भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये शिरताना सुक्या बोंबलांचा वास आला. शुक्रवारी मांस नाही, म्हणून बोंबील-बटाटा. कातरीनबाई, वय ब्याऐंशी, खुर्चीवर बसून कोथिंबीर निवडत होती. समोर आसावरीबाई. डॉलीची लेक सिमोना हिच्या सासूबाई, नाशिकच्या, लेक अमेयच्या घरी तीन आठवड्यांपूर्वी डोहाळजेवणासाठी आलेल्या आणि सोमवारपासून इथं राहायला आलेल्या.

"आली बघा शाळा सुटून," कातरीनबाई म्हणाली. "आज काय शिकलीस? पोप कितवा?"

"आई, आज लक्ष नव्हतं."

"लक्ष कसं असेल? घरात पोर जाताजाता राहिलंय नि ही वही घेऊन बसते. आमच्या वेळी पाद्री सांगायचा ते ऐकायचं, खलास."

"हे इथलं अरबी ‘खलास’ कुठून शिकलात आजी?" आसावरीबाई हसल्या.

"खालच्या दुकानातल्या शफीककडून. मी म्हणते किती झाले, तो म्हणतो खलास."

हसू आलं तसं विरलं. आसावरीबाईंच्या मांडीवर कोरा कागद नि पेन होतं. डॉलीचं लक्ष गेलं तशा त्या ओशाळल्या. "आज पाचवी ना, डॉलीताई. सटवाई येते, बाळाच्या कपाळी लिहून जाते. तिकडे हॉस्पिटलात कागद कुठे ठेवणार? म्हटलं, इथं सिमोनाच्या उशाखाली ठेवते. तुम्हाला चालेल ना?"

"ठेवा की," उत्तर कातरीनबाईनंच दिलं. "आमच्या आजीकडे सटीला रात्र जागवायच्या. पाद्री ओरडायचा, तरी जागवायच्या."

डॉलीच्या वहीत हे होतं. पोर्तुगीजांच्या अमलात सटीच्या जागरणावर बंदी आली. आणि त्याच पानावर दुसरी एक ओळ, जी लिहिल्यापासून तिला नीट झोप नव्हती: ज्यांचे आईबाप गेले अशी हिंदू पोरं उचलून न्यायची, नि त्यांच्या डोक्यावर पाणी घालायचं, असा कायदा होता. मुनीरा मॅडमनी ते गोव्याचं म्हणून सांगितलं होतं. पण राज्य तर एकच होतं. आपल्या घराण्यात पहिला थेंब कुणाच्या डोक्यावर पडला असेल? तो वाकला होता, की त्याला वाकवलं होतं?

विन्सेंट आतून आला, कानाला फोन. दोह्याजवळच्या वक्र्याच्या स्टेडियमच्या कूलिंगचं काम बघणारा माणूस, त्याला सुट्टीतही सुट्टी नसे. त्यानं फोन ठेवला. "अमेयशी बोललो. बाळीला ऑक्सिजन वाढवलाय."

टीव्हीवर आवाज बंद करून संध्याकाळच्या समारंभाची तयारी चालली होती. काचेच्या भांड्यात देशांच्या चिठ्ठ्यांचे गोळे. कातरीनबाई उठली. पदराच्या गाठीतून एक छोटी बाटली काढली, खोकल्याच्या औषधाची, धुतलेली, आत स्वच्छ पाणी.

"ईस्टरला आशीर्वाद दिलेलं पाणी आहे. गावच्या देवळातलं. मी येताना आणलं होतं." तिनं ती डॉलीच्या पर्सच्या बाजूच्या कप्प्यात सरकवली. "चारला जाशील ना? तेव्हा दे."

डॉलीला कळलं होतं हे येणार. सोमवारपासून ती त्याचीच वाट बघत होती, दार वाजायची वाट बघावी तशी.

"आई, पेटीत असं बाहेरचं पाणी नेता येत नाही. तिला इन्फेक्शन आहे. यात जंतू असतील."

"देवाच्या पाण्यात कसले जंतू?"

"सिरिंजनं दे," विन्सेंट म्हणाला. "तिथलं स्टराइल वॉटर असतं ना? दोन थेंब. पाणी कुठलं का असेना, चालतं. फादरनी सांगितलंय मला."

"तू फादरना विचारलंस?"

"सहज विचारलं. ते म्हणाले, जिवावर बेतलं तर कुणीही देऊ शकतं."

"आणि आईबापांना विचारायचं नाही?"

विन्सेंटनं टीव्हीकडे बघितलं. "तू विचारून काय होणार? सिमोना चिडेल. तिला कशाला सांगायचं? पाणीच तर आहे."

डॉलीनं आसावरीबाईंकडे पाहिलं. तिथं तरी नकार असेल. त्यांचं हिंदू घर, त्यांची नात. लग्नाच्या वेळी याच बाईंनी दोन दिवस जेवण सोडलं होतं. पण आसावरीबाईंनी कागदाची घडी केली, उलगडली, परत केली.

"द्या ना, डॉलीताई," त्या हळूच म्हणाल्या. "माझं काही म्हणणं नाही. आम्ही नाही का तीर्थ देत? पोरीला जेवढे देव सांभाळतील तेवढे हवेतच. अमेयला मी बघून घेईन."

"बघ!" कातरीनबाईनं दोन्ही हात पसरले. "त्यांना कळतं. तुला नाही कळत? चार पुस्तकं वाचली नि हात आखडले!"

तीन विरुद्ध एक. आणि गंमत अशी की त्या एकीलाही आतून वाटत होतं, द्यावं. घालावेत दोन थेंब, म्हणावीत तीन नावं, कुणाला कळतंय? आशा धरायला जागा आहे, हे वहीत ठीक. पण अकराशे ग्रॅमच्या छातीचा भाता काचेतून दिसतो तेव्हा आशेवर कोण उभं राहील? ओसरी मोडली असं रोम म्हणतं. नसली मोडली तर?

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सगळे दचकले. आसावरीबाईंनी डोळे मिटून घेतले.

व्हिडिओवर सिमोना. केस न विंचरलेले, मास्क हनुवटीवर, मागे हॉस्पिटलची हिरवी भिंत.

"मम्मी, शी इज सेम. काही बदल नाही. तू येतेस ना चारला?"

"येते गं. तू काही खाल्लंस का?"

"मम्मी, लिसन. आजी तिथं आहे का? तू जरा आत जा."

डॉली स्वयंपाकघरात गेली. दार लोटलं, तरी पाठीमागे तीन जणांचे कान लागलेले तिला जाणवत होते.

"पप्पांनी अमेयला हिंट दिली, वॉटर-बिटरची. मम्मी, प्लीज. कुणी काही करू नका तिला. मला ख्रिस्ती नकोय असं नाही. अमेयला हिंदू हवीय असंही नाही. पण तिला सगळेच टोचतायत. सुई टोचताना पण मला विचारतात, साइन घेतात. तुम्ही मला विचारायचं. बस. एवढंच. नर्सेसवर माझा ट्रस्ट आहे, पण तुझ्यावर तर..." तिनं मास्कनंच डोळे पुसले. "प्रॉमिस कर."

"सिमू..."

"मला ठाऊक आहे तू रूबेनला दिलं होतंस. आजी कायम सांगते. म्हणूनच भीती वाटते मला. तू करशील. तुला वाटेल, तू तिला वाचवतेयस."

डॉलीच्या जिभेवर ते वाक्य आलं होतं, अगदी दातांपाशी. पण काचेच्या पेटीशेजारी बसलेल्या पोरीला ते कसं सांगायचं?

"प्रॉमिस," ती म्हणाली.

फोन ठेवून ती ओट्याला टेकून उभी राहिली. बोंबलांचं कालवण आटत आलं होतं. तिनं गॅस बंद केला. एका हातात लेकीला दिलेलं वचन, दुसऱ्या हातात आपलीच एकतीस वर्षांची कीर्ती. आणि मधे एक इवला जीव, ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही.

ती बाहेर आली. "मी तिला वचन दिलंय. मी पाणी देणार नाही."

"डॉली!" विन्सेंट ताडकन उठला. "तुझी नात आहे ती. उद्या काही झालं तर? तू स्वतःला माफ करशील?"

"ती आई आहे. तिला विचारून द्या. ती हो म्हणाली तर मीच देईन."

"ती हो म्हणेपर्यंत पोर राहील का?"

आसावरीबाई रडू लागल्या. मग एकदम म्हणाल्या, "नको. डॉलीताईंचं बरोबर आहे. माझ्या पोरानं लग्न केलं तेव्हाही मला कुणी विचारलं नव्हतं. ते अजून खुपतं. सुनेचं तसं नको." आणि त्यांनी खुर्ची कातरीनबाईपासून जराशी दूर ओढली. अगदी वीतभर. पण खोलीत सगळ्यांना दिसली.

कातरीनबाईला एकटं पडल्यासारखं वाटलं. ब्याऐंशी वर्षांची बाई भिंतीला धरून उठली, आणि तिचा आवाज चढला नाही, उतरला. डॉलीला त्याची जास्त भीती वाटली.

"मी काय जास्त मागते? मला माझ्या नातवंडाच्या पोरीला परत भेटायचंय. वर. मी आता किती दिवसांची? वर गेले की आधी रूबेनला बघणार. एकतीस वर्षं मी त्याच्याशी बोलते गो. सोमवारपासून झोपले नाही, त्यालाच सांगते, ‘तुझी भाची आहे, तिचा हात धर.’ पण ती त्याच्यापर्यंत पोचायला तरी हवी ना? वाटेतच राहिली तर? काळोखात पोर हाका मारत बसली तर?"

"आई, तसं काही नसतं. लिंबो म्हणून..."

"तुझ्या वहीतलं मला सांगू नकोस!" तिनं डॉलीची पर्स उचलली, बाटली काढली, डॉलीच्या तळहातावर ठेवून बोटं एकेक करून मिटवली. "तू एकदा दिलंस. बावीस वर्षांची पोर होतीस, ओली बाळंतीण, कुणी जवळ नव्हतं. तरी तुझा हात डगमगला नाही. त्या एका गोष्टीसाठी मी तुला कधी वाकडं बोलले नाही, ठाऊक आहे तुला? स्वयंपाक येत नव्हता, बोलले नाही. नोकरी करायची म्हणालीस, बोलले नाही. म्हटलं, हिनं माझ्या नातवाला देव दाखवला. आणि आज काय झालं तुला?"

साडेतीन वाजले होते. रस्ते बंद, आत्ताच निघायला हवं होतं. डॉलीनं दाराकडे बघितलं. बाटली घेऊन निघून जावं, परत येऊन ‘दिलं’ म्हणावं. कोण तपासणार? पुन्हा एकदा ‘हो’. एका खोट्या ‘हो’वर घर एकतीस वर्षं उभं आहे, दुसऱ्यावर आणखी तीस राहील. म्हातारी सुखानं डोळे मिटेल. सिमोनाचं वचनही मोडणार नाही.

एवढं सोपं होतं ते. आणि त्या सोपेपणाचीच तिला भीती वाटली. ती सोफ्याच्या हातावर बसली. या पोरीच्याही नावानं आता खोटं मागायचं, खोटं ऐकायचं. आणि ही पोर जगली तर? आपल्यावर पाणी पडलंय या समजुतीत तिनं वाढायचं, की नाही पडलं? कुणाला ठाऊक असेल खरं? पुन्हा एकट्या डॉलीलाच.

तिनं बाटली टीपॉयवर ठेवली. सासूचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"आई, माझा हात डगमगला नाही, कारण तो वर उचललाच नव्हता."

"म्हणजे?"

"रूबेनचा बाप्तिस्मा झाला नाही. मी केला नाही. कुणीच केला नाही."

कातरीनबाईनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. डॉलीनं सोडले नाहीत.

"तुम्ही दारातूनच विचारलंत, पोराला पाणी दिलंस का. नर्सनं नुकताच कापूस भिजवून त्याच्या ओठांना लावला होता. तो चोखत होता, आई. मला वाटलं, तुम्ही त्याच्या तहानेचं विचारताय."